बाळाने आम्हाला निवडलं म्हणतात, मग फिजिओ कशाला?

पत्र

ताई, आम्ही कोपरखैरण्याला राहतो. वडील मसाला मार्केटला माथाडी होते, आता नाहीत. आई आमच्याकडेच असते. मुलगा चार वर्षांचा, घरात त्याला बाळू म्हणतो. सातव्या महिन्यातच जन्मला, पाच आठवडे एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात होता. सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला लवकर झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी, दोन्ही पाय ताठ. वॉकर धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. डोक्याने तल्लख आहे, गाड्यांचा क्रम पाठ आहे त्याला.

आई म्हणते, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार, ते फेडायलाच लागतं. बायको ऐरोलीला आयटीत होती, सहावा संपेपर्यंत लोकलने जात होती. त्यावरूनही आई एकदा बोलून गेली. बायकोने आता नोकरी सोडली आहे. वर्षभरापासून ती ठाण्याला घोडबंदर रोडवर एका मॅडमकडे जाते. तिथे तिला सांगितलं गेलं, की बाळूच्या आत्म्याने जन्माला यायच्या आधीच हे शरीर आणि हे आईबाप निवडले आणि आपण दोघांनीही वरती होकार दिला होता. तेव्हापासून ती शांत झाली आहे, हे मी नाकारत नाही. पण आठवड्यातून तीनदा होणारं फिजिओ आता एकदाच होतं. का, तर 'त्याच्या आत्म्याच्या प्रवासात फार ढवळाढवळ करायची नाही'. आता मॅडमनी आठ सेशनचं पॅकेज सांगितलंय, चौतीस हजारांचं.

मी इंजिनिअर आहे, माझा यातल्या कशावरच विश्वास नाही. मागच्या आठवड्यात मी तिला हे सगळं थोतांड आहे असं तोंडावर म्हणालो. तीन दिवस ती बोलली नाही. आमच्यात बरोबर कोण? तिला यातून बाहेर कसं काढू? आणि उद्या बाळूने विचारलं, 'मीच असा का', तर काय सांगू?

— बाळूचा बाबा

उत्तर

बाळूचे बाबा,

आत्मा थोडा थांबू शकतो. त्याला घाई नसते, असंच सगळी शास्त्रं सांगतात. बाळूच्या पायांना मात्र घाई आहे, म्हणून आधी फिजिओ.

आईच्या पोटात चोविसाव्या ते बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या मेंदूतला पांढरा भाग फार नाजूक असतो. मेंदूच्या मधोमध पाण्याने भरलेल्या पोकळ्या असतात, आणि पायांकडे हुकूम नेणारे तंतू नेमके त्या पोकळ्यांच्या कडेने खाली उतरतात. हातांचे तंतू त्यांच्यापेक्षा थोडे बाहेरून जातात. लवकर जन्मलेल्या बाळात रक्तपुरवठा कमी पडला किंवा तिथे जंतुसंसर्गाची झळ बसली, की पहिला फटका या कडेच्या तंतूंना बसतो. म्हणूनच अशा कितीतरी मुलांचे हात चालतात, बुद्धी तल्लख असते आणि पाय मात्र ताठ राहतात. मेंदूतली ही इजा पुढे वाढत नाही. वाढतं ते मूल. हाडं लांब होत जातात आणि ताठरलेले स्नायू त्यांच्या मागे पडतात. ताणाचे व्यायाम, स्प्लिंट (पाय नीट धरून ठेवणारा आधार), उभं राहण्याचा सराव यात खंड पडला तर टाच जमिनीला टेकेनाशी होते, गुडघा वाकलेलाच राहतो, आणि काही मुलांत खुब्याचा सांधा हळूहळू खोबणीतून सरकतो. बसण्या-चालण्याची बरीचशी कमाई पहिल्या पाच-सात वर्षांतच होते. बाळू चार वर्षांचा आहे.

तेव्हा फिजिओ परत तीनदा सुरू करायचं आणि खुब्याचा एक्सरे किती दिवसांनी काढायचा ते डॉक्टरांना विचारायचं. यावर घरात चर्चा नको. बाकी सगळ्यावर हवी तेवढी करू.

आता तुमचा प्रश्न, बरोबर कोण. तुमच्या घरात एकाच मुलाबद्दल तीन मतं आहेत. आजी म्हणतात पापाचं फळ, आई म्हणते आत्म्याची निवड, बाबा म्हणतात योगायोग. तुम्ही पंच म्हणून मला बोलावलंत. पण पत्र दोनदा वाचल्यावर माझं लक्ष एका वाक्यावर अडकलं, जे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत: 'त्यावरूनही आई एकदा बोलून गेली.'

एकदा? तुमच्या कानावर एकदा आलं असेल. दिवसभर घरात कोण असतं? नोकरी सोडून चार भिंतींत कोण बसलंय?

सासूबाईंच्या हिशोबात पाप कुणाचं तरी असायलाच लागतं. बाळूचं म्हणावं तर ते लेकरू. तुमचं म्हणावं तर तुम्ही त्यांचे लेक. उरलं कोण, तर सहाव्या महिन्यापर्यंत ऐरोलीची गाडी पकडणारी. ती बाई तीन वर्षं हे ओझं वाहत होती आणि घोडबंदरच्या त्या मॅडम पहिल्याच भेटल्या ज्यांनी तिला सांगितलं, की तुझ्या हातून काही वाईट झालेलं नाही, हे आधीच ठरलेलं होतं, आणि तुझ्या मुलाला तूच हवी होतीस. ती शांत होणार नाही तर काय होईल? तुम्ही 'थोतांड' म्हणालात तेव्हा तुमच्या डोक्यात पॅकेजचे चौतीस हजार होते. तिला मात्र एवढंच ऐकू आलं, की दोष पुन्हा आपल्याच पदरात आला.

दोष तिचा नाही, हे डॉक्टर तिला एका वाक्यात सांगू शकले असते. कदाचित सांगितलंही असेल, एनआयसीयूच्या धावपळीत कोण ऐकतं. वेळेआधी प्रसूती का झाली याचं कारण कितीतरी वेळा शेवटपर्यंत सापडत नाही. ऑफिसला जाणाऱ्या, शेतात राबणाऱ्या, लोकलने रोज ये-जा करणाऱ्या लाखो बायकांची बाळंतपणं दिवस भरून होतात, आणि पलंगावर पडून राहिलेलीचीही सातव्यात होऊ शकते. बालरोगतज्ज्ञांकडे पुढच्या वेळी जाल तेव्हा हे तिच्यासमोर विचारा, आणि शक्य असेल तर आईलाही बरोबर न्या. डॉक्टरच्या तोंडून आलेलं आपल्याकडे ऐकलं जातं. मुलाच्या तोंडून आलेलं ऐकलं जाईलच असं नाही.

आता त्या 'निवडी'कडे. तुमच्या बायकोला वाटत असेल की मॅडम सांगतात ते आपल्याच शास्त्रातलं आहे, फक्त इंग्रजी नाव लावलंय. तसं ते नाही.

आपल्याकडे जन्माआधीचा आत्मा आहेच. 'मी नव्हतो असं कधी झालं नाही, तूही नव्हतास असं नाही,' हे कृष्ण अर्जुनाला दुसऱ्या अध्यायात अगदी सुरुवातीला सांगतो. गर्भोपनिषदात तर नवव्या महिन्यातला जीव पोटात बसून मागचे जन्म आठवतो, केल्या-न केल्या कर्मांचा पस्तावा करतो, इथून सुटलो तर नीट वागेन म्हणून आणाभाका घेतो, आणि बाहेर येताच वारा लागतो नि सगळं विसरतो. (प्रत्येक बाळ जन्मतःच का रडतं याचं याहून चांगलं कारण मी ऐकलेलं नाही.) पण यात कुठेही आत्मा कॅटलॉग घेऊन बसलेला नाही. आईबाप अमुक, आजार तमुक, बघून टिक केलं, असं काही नाही. मागचं कर्म आणि मागच्या वासना जीवाला ओढून नेतात. गीतेच्या सहाव्या अध्यायातला योगभ्रष्ट, म्हणजे साधना अर्धी राहिलेला, चांगल्या घरात जन्मतो तोही मागच्या अभ्यासाच्या जोरावर. बौद्धांनी तर कायमचा आत्माच मानला नाही, तरी कर्माची साखळी मानली.

निवडीची गोष्ट मिळते ती प्लेटो या ग्रीक तत्त्वज्ञाकडे. 'रिपब्लिक'च्या शेवटच्या, दहाव्या भागात एक सैनिक मेल्यानंतर बाराव्या दिवशी चितेवर जागा होतो आणि वरती काय पाहिलं ते सांगतो. आत्मे एका माळावर जमलेत, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरलाय, आणि समोर जमिनीवर आयुष्यांचे नमुने पसरून ठेवलेत. तिथे दवंडी पिटली जाते, की दोष निवडणाऱ्याचा, देवाचा नाही. पहिला नंबर लागलेला धावत जाऊन सगळ्यात मोठ्या हुकूमशहाचं आयुष्य उचलतो. नंतर नीट बघतो तर त्यात स्वतःची पोरं खायचं लिहिलेलं. मग छाती बडवतो, नशिबाला बोल लावतो. ग्रीक महाकाव्याचा नायक ओडिसियस, त्याचा नंबर सगळ्यात शेवटी. आयुष्यभर दगदग करून वैतागलेला तो शोधत शोधत कोपऱ्यात पडलेलं एका साध्या माणसाचं आयुष्य घेतो आणि खूश होतो. पुढे सगळे विस्मरणाच्या नदीचं पाणी पितात. गंमत म्हणजे तिथेही बहुतेक आत्मे मागच्या आयुष्याच्या सवयीप्रमाणेच निवडतात. म्हणजे फिरून गाडी आपल्याच स्टेशनात.

मॅडमचं जे आहे, आत्म्याचा आराखडा, वरती झालेला करार, धडा शिकण्यासाठी मुद्दाम निवडलेलं दुःख, ते बरंचसं गेल्या तीस-चाळीस वर्षांतलं अमेरिकेतलं आहे. मायकेल न्यूटन नावाचे तिथले संमोहनतज्ज्ञ लोकांना संमोहित करून दोन जन्मांच्या मधल्या काळाबद्दल विचारत. त्यांचं पहिलं गाजलेलं पुस्तक 1994 सालचं. त्याआधी व्हर्जिनिया विद्यापीठातल्या इयन स्टीव्हन्सन या मानसोपचारतज्ज्ञांनी 1960 च्या दशकापासून मागचा जन्म आठवतो म्हणणाऱ्या मुलांच्या नोंदी केल्या, त्यातल्या कितीतरी आपल्या देशातल्या. त्यांच्या निष्कर्षांवर वाद आहेत, पण काम चिकाटीचं होतं. आणि पुनर्जन्माच्या बाजूला झुकलेल्या या माणसाचाही संमोहनातून बाहेर काढलेल्या आठवणींवर भरवसा नव्हता. संमोहनात माणूस ऐकलेलं, वाचलेलं, सुचवलेलं यांची अशी वीण घालतो की ती त्याला स्वतःलाच खरी वाटते. त्यात खोटेपणा असतोच असं नाही.

मला स्वतःला काय वाटतं, असं विचारलंत तर: आत्मा आधी होता की नाही हे मी तुमच्या घरात येऊन ठरवू शकत नाही. पण 'दुःख त्यानेच निवडलं' हे तत्त्व मला मनापासून आवडत नाही, कारण ते ज्याच्यावर बेततं त्याच्याच गळ्यात पडतं. पुढे ताणून बघा. नाक्यावरच्या उपाशी पोराने उपास निवडला, मार खाणाऱ्या बाईने मारणारा नवरा निवडला. म्हणजे बाकीचे हात झटकून मोकळे. सासूबाईंचं पाप आणि मॅडमची निवड ऐकायला दोन टोकांची वाटतात, पण दोन्हीत भार उचलतं तेच लेकरू.

आपल्या जुन्या गोष्टी तरी असं करत नाहीत. महाभारताच्या वनपर्वातला अष्टावक्र बघा. बाप, कहोड, वेद म्हणतोय. पोटातलं पोर म्हणतं, रात्रभर म्हणताय पण चुकतंय. शिष्यांसमोर अपमान झाला म्हणून बाप चिडून शाप देतो, आणि पोर आठ ठिकाणी वाकडं जन्माला येतं. दोष कुणाचा? बापाच्या रागाचा, असं गोष्ट सरळ सांगते. पोराच्या मागच्या जन्माकडे बोट जात नाही, आईकडे तर नाहीच. पुढे तेच पोर बारा वर्षांचं असताना जनकाच्या दरबारात जाऊन वाद जिंकतं आणि वादात हरून पाण्यात बुडवलेल्या बापाला परत आणतं. ही गोष्ट सासूबाईंना माहीत असेल, कीर्तनात ऐकलेली असेल. एखाद्या संध्याकाळी बाळूलाच ती त्यांच्याकडून ऐकू द्या. तुम्ही मध्ये काही समजावून सांगू नका.

बायकोशी बोलताना विश्वासाला हात घालू नका. 'तुझं खोटं आहे' हे सिद्ध करून तुमच्या हाती काय लागणार? तिचा आधार जाईल, आणि त्या जागी ठेवायला तुमच्याकडे 'योगायोग' एवढा एकच शब्द आहे. तिच्या श्रद्धेच्या आत शिरून बोला. विचारा, की समजा त्याने आपल्याला निवडलं, समजा आपण हो म्हणालो, तर मग कशाला हो म्हणालो? आईबाप म्हणून आपल्या वाट्याला काय काम आलं? पायांचे व्यायाम ही ढवळाढवळ असेल तर एनआयसीयूतली नळीही ढवळाढवळच होती, आणि ती तर तूच रात्र-रात्र बसून सांभाळलीस.

योगवासिष्ठात वसिष्ठ रामाला हेच सांगतो, आणि ते तिला नक्की पटेल. दैव म्हणजे दुसरं काही नाही, आपलाच कालचा प्रयत्न. कालचा आणि आजचा हे दोन एडक्यांसारखे टकरा घेतात, ज्याचा जोर जास्त तो जिंकतो. म्हणून दातावर दात रगडून आजच्याला जोर लावायचा. प्रारब्ध मानणाऱ्यांनीही क्रियमाण नेहमी मोकळं ठेवलंय, म्हणजे आत्ता हातात असलेलं. सगळं आधीच ठरलेलं असतं तर अठरा अध्याय सांगून झाल्यावर 'आता तुला वाटेल तसं कर' असं कृष्णाला म्हणावंच लागलं नसतं. मॅडमना हा प्रश्न तिनेच विचारावा: फिजिओ कमी करा असं तुम्ही म्हणालात का? बहुधा त्या नाही म्हणतील. हो म्हणाल्या, तर त्या मुलावर उपचार थांबवायला सांगताहेत, आणि मग हा श्रद्धेचा विषय उरत नाही. तिथे जाणं त्याच दिवशी बंद.

पॅकेजचे पैसे देऊ नका. पण 'पैसे देणार नाही' हे वाक्य एकटं सोडू नका. ती मॅडमकडे जाते कारण तिथे तासभर कुणीतरी तिचं ऐकतं. तो तास तिला दुसरीकडे मिळायला हवा. समुपदेशक बघा, किंवा 14416 वर टेली-मानसला फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि वाशीला महापालिकेचं दिव्यांग मुलांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथे एकदा तिघं जाऊन या. थेरपीची चौकशी तर कराच, पण त्याहून मोठा उपयोग वेगळा आहे. बाहेरच्या बाकावर बसलेल्या इतर आया. तिथे 'कुणाचं पाप' असं कुणी विचारत नाही. स्प्लिंट कुठला टिकतो, चप्पल कुठे मिळते, शाळा कोणती घेते, हे बोलतात.

कागदपत्रंही उरकून घ्या, कारण पत्रात त्यांचा उल्लेख नाही. युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर आता काढा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या निरामय योजनेत सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला वर्षाला एक लाखापर्यंत विम्याचं संरक्षण मिळतं, त्यात चालू थेरपीच्या खर्चालाही मर्यादित तरतूद आहे. आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिलाय. दोन वर्षं आहेत, रॅम्प कुठल्या शाळेला आहे ते आतापासून बघून ठेवा.

आता आई. हे काम तुमचंच, आणि बायकोला बाहेर काढण्याच्या आधीचं. त्यांना वाद घालून हरवायचं नाही. त्यांनीही मसाला मार्केटच्या पगारावर घर चालवलंय, त्यांना नातवाची काळजी आहे आणि ती मांडायला त्यांच्याकडे हीच भाषा आहे. बायको घरात असताना, तिला ऐकू जाईल असं, एकदाच म्हणा: 'आई, बाळू लवकर आला त्यात हिचा काही दोष नाही. डॉक्टरांनी सांगितलंय. यापुढे हे घरात कुणी बोलायचं नाही.' आवाज चढवू नका. पण बोला. इतकी वर्षं तुम्ही हे बोलला नाहीत, म्हणून तिला ते ठाण्याला जाऊन विकत घ्यावं लागलं.

तुम्ही इंजिनिअर आहात, योगायोग मानता. मला ते मत प्रामाणिक वाटतं. फक्त एक बघा, की तुमच्या मतातही तुम्ही आरामात बसलेले आहात. पाप मानलं तर आई दोषी, निवड मानली तर बाळू जबाबदार, योगायोग मानला की कुणीच नाही, आणि कुणीच नाही म्हटलं की करायचंही कुणी नाही. आठवड्यातून तीनदा त्याला फिजिओला कोण नेतं? पत्रात लिहिलेलं नाही, पण 'आता एकदाच होतं' हे तुम्ही जसं लिहिलंत त्यावरून अंदाज येतो. दोनदा ती नेऊ दे, शनिवारी तुम्ही न्या. आणि थेरपिस्टकडून घरी करायचे ताण शिकून घ्या, रात्री झोपायच्या आधी तुम्ही करा. पाय धरून ताणताना मुलं फार बोलतात. गाड्यांचा क्रम ऐकून होईल.

आणि तो विचारेलच, 'मीच असा का?' कदाचित शाळेत जायला लागल्यावर, कदाचित त्याच्या आधी. तयार उत्तर पाठ करू नका. त्याला कळेल एवढंच खरं सांगा: तू पोटातून फार लवकर बाहेर आलास, तेव्हा डोक्यातून पायाकडे जाणाऱ्या दोऱ्यांना थोडं लागलं, म्हणून पाय लवकर ऐकत नाहीत, म्हणून आपण त्यांना रोज शिकवतो. यात आईचं चुकलं नाही, तुझंही नाही. तेवढ्यात आई म्हणाली, 'आणि तू आम्हालाच शोधत आलास', तर म्हणू दे. तुम्ही मान हलवलीत तरी चालेल, नाही हलवली तरी चालेल. आजीने अष्टावक्र सांगितला असेल तर तो बहुधा विचारेल, की त्याचे पाय नंतर सरळ झाले का. वनपर्वात होतात, समंगा नदीत उतरल्यावर. 'तुझेही होतील' असं मात्र त्याला सांगू नका. डॉक्टर जेवढं म्हणतात तेवढंच सांगा, आणि स्प्लिंट लहान झालाय का ते बघा. चार वर्षांची मुलं वाढतात भराभर.